टेप लिहिली, पण वाचून पाहिली का?

२०२४ च्या पावसाळ्यात आमच्या ओपीडीत एक काका आले. एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले, वय पासष्टीच्या आसपास, चाळीस वर्षं बिडी ओढलेली. खोकला तीन आठवडे हटत नव्हता. एक्स-रेमध्ये शंका आली म्हणून सीटी स्कॅन काढला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात नऊ मिलिमीटरची, वाटाण्याएवढी एक घट्ट गाठ दिसली.

बिडी ओढणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात अशी गाठ दिसली की डॉक्टरच्या मनात पहिला विचार कर्करोगाचा येतो. आपल्या देशात दुसराही विचार यावाच लागतो, कधीकाळी होऊन गेलेल्या क्षयाच्या व्रणाचा. चित्रात दोन्ही सारखे दिसू शकतात. खात्री करायची तर गाठीत सुई घालून तुकडा काढायचा. पण काकांची फुप्फुसं बिडीनं फुगून विरळ झालेली. अशा फुप्फुसात सुई घातली की हवा छातीच्या पोकळीत सुटून फुप्फुस मिटण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो.

अशा वेळी एक सोपा, बिनधोक आणि फुकट उपाय असतो, तो म्हणजे जुना स्कॅन. घट्ट गाठ दोन वर्षांत वाढलेली नसेल, तर ती कर्करोगाची असण्याची शक्यता फारच कमी. मी विचारलं, "काका, याआधी कधी छातीचा स्कॅन काढला होता का?"

"काढला होता की साहेब. कोविडात. इथंच, तुमच्याच दवाखान्यात."

मे २०२१, दुसरी लाट. काकांनी प्लास्टिकच्या पिशवीतून रिपोर्ट काढून दिला. त्यात कोविडच्या छटांचं वर्णन होतं, गाठीचा उल्लेख नव्हता. पण त्यावर विसंबता येत नव्हतं. त्या दिवसांत रिपोर्ट लिहिणाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती आणि सगळ्यांचे डोळे कोविडच शोधत होते. गाठ तेव्हा नव्हती, की होती आणि नजरेतून सुटली? मूळ चित्रं बघितल्याशिवाय हे सांगता येणार नव्हतं. फिल्मचा तुटवडा असल्यामुळे त्या काळात रुग्णांना फिल्म दिल्या नव्हत्या. आमच्या सर्व्हरवर फक्त दोन वर्षांची चित्रं राहतात. त्याआधीची सगळी टेपवर.

रुग्णालयाच्या डिजिटल नोंदींच्या समितीचा प्रमुख म्हणून बॅकअपच्या वहीत सही करणारा मीच होतो. एवढी वर्षं सही केली, पण टेप ड्राइव्ह कसा चालतो ते मला त्या आठवड्यात कळलं.

आजच्या काळात टेप?

टेप म्हटलं की आपल्याला गाण्यांची कॅसेट आठवते. तत्त्व तेच आहे. प्लास्टिकच्या पट्टीवर चुंबकीय लेप, आणि त्यावर माहिती उमटवणारं आणि वाचणारं 'हेड'. संगणकासाठी टेपचा वापर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला झाला आणि आजही बँका, हवामान केंद्रं, चित्रपट कंपन्या आणि रुग्णालयं ती वापरतात. सध्या सर्वांत रूढ प्रकार एलटीओ नावाचा. त्याची पहिली पिढी २००० साली आली. तिच्या एका कार्ट्रिजवर १०० गिगाबाइट माहिती मावायची. आमच्याकडच्या जुन्या टेपा सहाव्या पिढीच्या. तळहातावर मावणाऱ्या डबीत ८४६ मीटर लांब, अर्धा इंच रुंद पट्टी, आणि तिच्यावर अडीच टेराबाइट माहिती. पट्टीची जाडी सुमारे सहा मायक्रॉन, म्हणजे आपल्या रक्तातल्या एका तांबड्या पेशीच्या रुंदीपेक्षाही कमी.

अडीच टेराबाइट म्हणजे किती, हे आमच्या भाषेत सांगतो. सीटी स्कॅनचं एक चित्र ५१२ बाय ५१२ बिंदूंचं असतं, साधारण अर्धा मेगाबाइट. छातीच्या एका तपासणीत अशी चारपाचशे चित्रं निघतात, म्हणजे दोनशे ते अडीचशे मेगाबाइट. वर्षाला अशा दहा हजार तपासण्या धरल्या, तर वर्षभराचा संसार एका डबीत बसतो. ड्राइव्ह महाग असतो, पण टेप स्वस्त पडते. कपाटात ठेवलेल्या टेपेला वीजही लागत नाही. नीट जपली तर ती तीस वर्षांपर्यंत टिकते असं मानलं जातं.

तिचा सर्वांत मोठा गुण मात्र वेगळाच आहे. कपाटातली टेप कशालाही जोडलेली नसते, त्यामुळे संगणकात शिरलेला विषाणू तिच्यापर्यंत पोचू शकत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये एका सॉफ्टवेअर दोषामुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के वापरकर्त्यांच्या पेट्या अचानक रिकाम्या झाल्या. गूगल प्रत्येक पत्राच्या अनेक प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतं, पण दोष सगळ्या जोडलेल्या प्रतींपर्यंत पोचला. शेवटी पत्रं परत मिळाली ती टेपवरून.

आपल्याकडचं उदाहरण आठवत असेल. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या 'एम्स'वर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, असं सरकारनं संसदेत सांगितलं. नोंदणीपासून रिपोर्टपर्यंत बरंचसं काम काही दिवस कागदावर चाललं. माहिती परत उभी राहिली ती बाधा न पोचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून. तिथं टेप नव्हती, पण धडा तोच. आजारी पडलेल्या संगणकापासून दूर ठेवलेली एक निरोगी प्रत हवी.

आमच्याकडे अशी प्रत होती. रेकॉर्ड रूमच्या कपाटात, वर्ष आणि महिन्याची चिठ्ठी लावून ओळीनं ठेवलेली. आमच्या संगणक विभागातल्या तरुण अभियंत्याला मी म्हटलं, "मे २०२१ ची टेप काढ आणि लाव. दहा मिनिटांचं काम."

पुढचे नऊ दिवस त्या कामात गेले.

नवा ड्राइव्ह, जुनी टेप

पहिला अडथळा पिढ्यांचा. २०२३ मध्ये आमचा जुना सर्व्हर आणि जुना ड्राइव्ह बदलून नवा आला, तो आठव्या पिढीचा. सातव्या पिढीपर्यंत नियम सोपा होता. ड्राइव्ह स्वतःच्या पिढीची आणि मागच्या दोन पिढ्यांची टेप वाचतो. आठव्या पिढीपासून तो नियम बदलला; ती फक्त आठव्या आणि सातव्या पिढीच्या टेपा वाचते. खरेदीच्या कागदांवर क्षमता, वेग, हमी सगळं तपासलं होतं. 'आपल्या कपाटातल्या टेपा हा वाचेल का' हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. मीही नाही.

आता सहाव्या पिढीचा ड्राइव्ह कुठून आणायचा? सरकारी कारभाराची दिरंगाई त्या दिवशी प्रथमच उपयोगी पडली. जुना ड्राइव्ह डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंदवून निर्लेखनाच्या यादीत टाकला होता, पण समितीची बैठक झाली नव्हती. मोडक्या सलाइन स्टँडच्या मागे, पोत्याखाली तो सापडला.

तो जोडताना शिकलेल्या गोष्टी क्रमानं सांगतो, कारण ज्याच्याकडे असं यंत्र आहे त्याला त्या उपयोगी पडतील.

ड्राइव्हला संगणकाशी बोलायला वेगळं कार्ड लागतं. सर्व्हरमध्ये डिस्क सांभाळणारं एक कार्ड आधीच असतं आणि त्याला मोकळी जागा दिसली की केबल तिथंच लावायचा मोह होतो. आमच्या अभियंत्यानं तेच केलं. ड्राइव्हचे दिवे लागले, पंखा फिरला, पण संगणकाच्या यादीत त्याचं नाव येईना. अनेक डिस्क एकत्र बांधणारी 'रेड' कार्डं बहुधा टेप ड्राइव्हला ओळखतच नाहीत. त्यासाठी साधं 'होस्ट अ‍ॅडॅप्टर' कार्ड लागतं. ते नव्या ड्राइव्हसाठी बसवलेलं होतं, पण जुन्या केबलचं टोक त्यात बसेना. दोन वेगळ्या टोकांची केबल मागवण्यात दोन दिवस गेले.

केबल आल्यावर आधी ड्राइव्ह सुरू केला, तो स्वतःची तपासणी संपवून शांत झाल्यावर संगणक सुरू केला. आता नाव दिसलं, पण पिवळ्या उद्गारचिन्हासह. ड्रायव्हर म्हणजे यंत्राशी बोलण्याचं भाषांतर करणारं सॉफ्टवेअर, ते नव्हतं. ते घातलं. मग बॅकअपच्या सॉफ्टवेअरला ड्राइव्ह 'व्यस्त' दिसू लागला, कारण तपासणीसाठी उघडलेलं निर्मात्याचं साधन मागे चालूच राहिलं होतं. एका वेळी एकच प्रोग्रॅम ड्राइव्ह हातात धरू शकतो. ते बंद केलं आणि मार्ग मोकळा झाला.

माझ्या पिढीतल्या काही कचेऱ्यांत अजून जुन्या, रुंद पट्टीच्या केबलचे 'स्कझी' ड्राइव्ह असतील. तिथं आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. साखळीतल्या प्रत्येक यंत्राचा क्रमांक वेगळा हवा आणि साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर हवा. यातलं एक जरी चुकलं तरी ड्राइव्ह कधी दिसतो, कधी गायब होतो. रोग्याचा ताप कधी येतो, कधी जातो, तसाच हा त्रास. कारण हाती लागेपर्यंत घामटा काढतो.

निदान करावं तसं

आता काकांची टेप लावायला मी उतावीळ झालो होतो. अभियंता नको म्हणाला आणि त्याचं बरोबर होतं. वर्षभर पोत्याखाली पडलेल्या यंत्रात आपल्याकडची एकमेव प्रत घालायची नाही. आधी बिनमहत्त्वाची टेप घालून पाहायची.

त्यानं एक जुनी टेप लावली. काही मिनिटांत वाचनाची चूक आली आणि ड्राइव्हवर स्वच्छतेचा दिवा लागला. गाण्याच्या टेपरेकॉर्डरचं हेड आपण कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसायचो. इथं ते चालत नाही. त्यासाठी स्वतंत्र सफाईची टेप मिळते. ती आत घातली की ड्राइव्ह स्वतःच हेड साफ करून ती बाहेर काढतो. ती टेपही मोजक्या वेळाच वापरता येते, निर्मात्यानुसार साधारण १५ ते ५० वेळा. आणि दिवा लागला नसताना उगाच वारंवार सफाई केली तर हेड झिजतं.

सफाई झाली, दिवा विझला, चूक मात्र पुन्हा आली. आता दोष कोणाचा, ड्राइव्हचा की टेपेचा? हे कोडं मला ओळखीचं वाटलं. वॉर्डात एका रुग्णाचं रक्तातल्या साखरेचं माप विचित्र आलं, तर आपण तोच नमुना दुसऱ्या यंत्रावर लावतो आणि त्याच यंत्रावर दुसऱ्या रुग्णाचा नमुना लावतो. इथंही तेच. एकच टेप वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये अडत असेल तर टेप आजारी. वेगवेगळ्या टेपा एकाच ड्राइव्हमध्ये अडत असतील तर ड्राइव्ह आजारी. दुसरा ड्राइव्ह आमच्याकडे नव्हता, पण टेपा होत्या. दुसरी लावली, ती सुरळीत वाचली. तिसरीवर नवी माहिती लिहून परत वाचली, जुळली. म्हणजे पहिली टेपच खराब होती. तिच्या डबीला कोपऱ्यात चीर गेली होती. कधीतरी कोणाच्या हातून पडली असणार. पडलेली टेप वरून चांगली दिसली तरी आतली पट्टी ओढून घेणारी छोटी पिन जागेवरून हललेली असू शकते आणि तशीच घातली तर ड्राइव्हच जखमी होऊ शकतो.

मग काकांची टेप. रेकॉर्ड रूमची एक भिंत पावसाळ्यात ओल धरते. दीर्घकाळ ठेवायच्या टेपेला १६ ते २५ अंश सेल्सिअस तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता मानवते. आमच्या त्या खोलीत जुलैत किती आर्द्रता असते ते मोजायलाच नको. वहीची पानं एकमेकांना चिकटतात. म्हणून टेप आधी एक दिवस सर्व्हरच्या वातानुकूलित खोलीत नुसती ठेवली. डबीच्या कडेचं लेखनबंदीचं छोटं बटण सरकवून कुलूप लावलं, म्हणजे चुकून तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. मग ती आत गेली.

ड्राइव्हनं ती ओळखली, पण सॉफ्टवेअर म्हणालं की या टेपवर काय आहे ते मला माहीत नाही.

हा शेवटचा अडथळा. टेप म्हणजे लांबच लांब गुंडाळी. कोणती फाइल कुठे आहे याची अनुक्रमणिका सॉफ्टवेअर स्वतःजवळ, संगणकाच्या डिस्कवर ठेवतं. आमची अनुक्रमणिका जुन्या सर्व्हरवर होती आणि तो सर्व्हर भंगारात गेला होता. सुदैवानं टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून अनुक्रमणिका नव्यानं बांधता येते, पण त्याला वेळ लागतो. या ड्राइव्हचा वेग सेकंदाला १६० मेगाबाइट, म्हणजे पूर्ण टेप एकसलग वाचायलाही चार तासांहून जास्त. रात्री काम लावून आम्ही घरी गेलो.

सकाळी यादी तयार होती. काकांचा नोंदणी क्रमांक घातला, मे २०२१ ची तपासणी निवडली, सर्व्हरवर उतरवली. क्ष-किरण विभागातल्या आमच्या सहकारी मॅडमनी नवं आणि जुनं चित्र शेजारी शेजारी लावलं. कोविडच्या पांढुरक्या धुक्याआड, उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला, गाठ होती. तेव्हाही नऊ मिलिमीटर. तीन वर्षांत ती जागची हलली नव्हती.

काकांना सुई टोचावी लागली नाही. खोकल्याचं औषध दिलं, बिडी सोडवण्याच्या खटपटीला लागलो, आणि खबरदारी म्हणून वर्षभरानं पुन्हा स्कॅन करायचं ठरलं.

हिरवी खूण

लेख इथंच संपवला असता तर बरं वाटलं असतं. पण काकांच्या निमित्तानं आम्ही बाकीच्या टेपाही वाचून पाहायला घेतल्या.

ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२१ च्या टेपांवर रुग्णांची नावं, क्रमांक, रिपोर्ट सगळं होतं, पण चित्रं नव्हती. दुसऱ्या लाटेत डिस्क भरली म्हणून ऑगस्टमध्ये चित्रं एका मोठ्या डिस्कवर हलवली होती. बॅकअपच्या सॉफ्टवेअरला मात्र कोणी सांगितलं नव्हतं की चित्रांचं घर बदललं. ते बिचारं रोज रात्री इमानेइतबारे जुन्या, रिकाम्या फोल्डरची प्रत घेत राहिलं. रिकाम्या फोल्डरची प्रत घेणं हे काम यशस्वीच होतं, म्हणून रोज सकाळी पडद्यावर हिरवी खूण यायची. ती पाहून ऑपरेटर वहीत 'बॅकअप यशस्वी' लिहायचा आणि आठवड्याच्या शेवटी त्याखाली मी सही करायचो. डिसेंबरमध्ये दुसऱ्याच कारणानं सगळी मांडणी नव्यानं झाली आणि चूक आपोआप दुरुस्त झाली. मधले चार महिने कोणाच्या ध्यानात आले नाहीत. पुढे टेपवर प्रत आहे या भरवशावर सर्व्हरवरची जुनी चित्रं नियमानुसार पुसली गेली.

हे कळून महिना झाला नसेल, तोच भाजी विकणाऱ्या एक ताई आल्या. फुप्फुसात एक सेंटिमीटरची गाठ. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये पडून बरगडीला मार लागला तेव्हा त्यांचा स्कॅन आमच्याकडेच झाला होता. रिपोर्टमध्ये 'लहान गाठ, पुन्हा तपासणी करावी' एवढंच. माप लिहिलेलं नव्हतं. चित्र असतं तर मोजून सांगता आलं असतं. चित्र नव्हतं.

त्यांची सुईची तपासणी करावी लागली. जो धोका काकांचा टळला तो त्यांच्या वाट्याला आला. फुप्फुस मिटलं, छातीत नळी घालावी लागली, चार दिवस त्या वॉर्डात पडून होत्या. तपासणीचा निकाल चांगला आला, जुन्या क्षयाचा व्रण. जाताना त्यांनी हात जोडले. मी त्यांना सांगितलं की तुमचा जुना फोटो आमच्याकडून हरवला, तो असता तर कदाचित हे करावं लागलं नसतं. त्या म्हणाल्या, "असू द्या डॉक्टर, कॅन्सर नाही ना?" त्यांनी एका वाक्यात सोडून दिलं. वहीतली माझी सही मात्र तशीच आहे.

प्रत खरी कधी?

बॅकअप म्हणजे टेपवर लिहिलेली माहिती, असा माझा समज होता. आता मी म्हणतो, परत वाचून पाहिलेली माहिती म्हणजे बॅकअप. बाकी सगळी आशा. आमच्या धंद्यात हे नवं नाही. अपघात विभागातल्या ट्रॉलीत श्वासनलिकेत नळी घालायचं उपकरण आहे एवढी नोंद पुरत नाही. सिस्टर रोज त्याचा दिवा लावून बघतात. ऑक्सिजनचा सिलिंडर आहे म्हणजे काय, तर त्याचा काटा पाहिलेला आहे. फक्त संगणकाच्या बाबतीत आम्ही हिरव्या खुणेला हात जोडून मोकळे होत होतो.

यात आम्ही एकटे नाही. १९९८ मध्ये पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' तयार होत असताना कोणीतरी चुकून पुसण्याची आज्ञा दिली आणि चित्रपटाच्या फाइल एकामागून एक नाहीशा होऊ लागल्या. बॅकअपकडे धाव घेतली तर तो नीट चालतच नव्हता. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तांत्रिक पर्यवेक्षिकेमुळे. त्या नुकत्याच आई झाल्या होत्या आणि घरून काम करता यावं म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. तो संगणक गोधडीत गुंडाळावा तसा ब्लँकेटात गुंडाळून गाडीतून कंपनीत आणला गेला.

आता आमच्याकडे काय बदललं ते थोडक्यात सांगतो. वहीत एक नवा रकाना आखला आहे, 'वाचून पाहिली'. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कपाटातून एक टेप कोणतीही, डोळे मिटून उचलायची, तिच्यातल्या एका रुग्णाची तपासणी उतरवायची आणि क्ष-किरण विभागात प्रत्यक्ष पडद्यावर उघडायची. चित्र दिसलं तरच सही. चित्रांच्या फाइल लाखोंनी आणि बारीक असतात. त्या थेट टेपवर पाठवल्या तर माहिती अडखळत पोचते, टेप थांबते, मागे जाते, पुन्हा धावते आणि यात टेप आणि हेड दोन्ही झिजतात. म्हणून त्या आधी डिस्कवर एकत्र बांधून मग टेपवर सोडतो. क्षमता मोजताना कार्ट्रिजवरचा मोठा आकडा धरत नाही, कारण तो माहिती दाबून बसवल्यावरचा असतो आणि आमची चित्रं आधीच दाबलेली असतात. अनुक्रमणिकेची प्रत वेगळी ठेवतो. माहिती कुलूपबंद करून लिहितो आणि कुलपाची किल्ली दोन जणांकडे, दोन ठिकाणी असते. किल्ली हरवली तर टेप असून नसल्यासारखी. जुना ड्राइव्ह निर्लेखनाच्या यादीतून काढला आहे. सहाव्या पिढीच्या सगळ्या टेपा नव्या टेपांवर उतरेपर्यंत तो कुठेही जाणार नाही. आणि टेपांचं कपाट ओल्या भिंतीपासून हलवून दुसऱ्या इमारतीत नेलं. जाताना एमआरआयच्या खोलीजवळचा जवळचा रस्ता टाळला, कारण तिथला चुंबक टेप क्षणात पुसू शकतो.

तुमच्या घरची टेप

तुमच्या घरी टेप ड्राइव्ह नसेल. पण स्कॅनची सीडी असेल, मोबाइलमध्ये काढलेले रिपोर्टचे फोटो असतील, आईच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड असेल. पीटर क्रोग या छायाचित्रकारानं रूढ केलेला एक सोपा नियम तिथंही लागू पडतो. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. स्कॅनच्या सीडीची एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक लेकीकडे किंवा भावाकडे. रिपोर्ट म्हणजे चित्र नव्हे, हे लक्षात ठेवा. दोन्ही मागून घ्या. रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकानं मागितल्यास डॉक्टरांनी ७२ तासांत नोंदी द्याव्यात, असा २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे. त्याच नियमांनुसार भरती रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपणं बंधनकारक आहे. त्यानंतर त्या सापडतीलच याचा भरवसा धरू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ती सीडी उघडून बघा. अनेक नव्या लॅपटॉपना सीडी घालायची जागाच नसते. आमच्या आठव्या पिढीच्या ड्राइव्हसारखीच गत. शेजारच्या कोणाकडे, सायबर कॅफेत, कुठेही असेल तिथं लावून पाहा. चित्र दिसलं तर लगेच दुसरीकडे उतरवून ठेवा. नाही दिसलं तर आजच दवाखान्यात जाऊन दुसरी प्रत मागा, तिथं ती अजून असेल तोवर.